दोन एमआरआय, दोन रिपोर्ट: यातला कोणता धरायचा?

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका मुलीने वडिलांबद्दल विचारलंय. वडिलांचं वय 58. दीड महिन्यापासून कंबरेतून डाव्या पायात कळ जाते. पहिल्या एमआरआयच्या रिपोर्टात एल 4-5 ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी डावीकडे सरकून एल 5 ची नस दबली असं आलं आणि सर्जननी ऑपरेशन सुचवलं. घरच्यांनी खात्री करायला तीन आठवड्यांनी दुसऱ्या सेंटरवर पुन्हा एमआरआय काढला. त्यात एल 4-5 ला नुसता 'माइल्ड बल्ज', म्हणजे थोडा फुगवटा, आणि दाब त्याखालच्या एल 5-एस 1 ला, एस 1 च्या नसेवर. शिवाय वरच्या दोन गाद्यांना बल्ज, एक ॲन्युलर टिअर (गादीच्या बाहेरच्या कड्याला चीर), एका मणक्यात हेमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ). यातलं काहीच पहिल्या रिपोर्टात नव्हतं. त्यांचा प्रश्न: "पाठ एकच, मग खरं कोणाचं? तिसरा एमआरआय काढू का?"

तिसरा काढू नका. आधी आहेत त्या दोन सीडी घेऊन मणके मोजून घ्या.

फिल्म न बघता मी छातीठोकपणे काही सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून माझी पहिली शंका अशी की दोन्ही रिपोर्ट बहुधा एकाच गादीबद्दल बोलताहेत. कंबरेचे मणके पाच आणि त्याखाली माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी, हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात बऱ्याच लोकांचा पाचवा मणका खालच्या हाडाला एका किंवा दोन्ही बाजूंनी जुळलेला असतो. काहींचा त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा होऊन सहाव्यासारखा दिसतो. आम्ही रेडिओलॉजिस्ट, म्हणजे फिल्म वाचून रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर, याला ट्रान्झिशनल व्हर्टिब्रा म्हणतो आणि असे पेशंट आमच्याकडे नेहमी येतात. अशा पाठीत एका रेडिओलॉजिस्टने मानेपासून खाली मोजत आणलं आणि दुसऱ्याने 'सगळ्यात खालची हलती गादी म्हणजे एल 5-एस 1' असं धरून वर मोजलं, तर एकाच गादीला दोन नावं पडतात. तुमच्या वडिलांचा पाचवा मणका जुळलेला असेल तर पहिल्याने जिला एल 4-5 म्हटलं तीच दुसऱ्याची एल 5-एस 1, आणि दुसऱ्याने 'माइल्ड बल्ज' लिहिलेली एल 4-5 म्हणजे पहिल्याची एल 3-4. दोन्ही रिपोर्टांत बाजू डावी, प्रत्येकात मुख्य दाब एकाच गादीचा आणि दोघांत फरक नेमका एका पायरीचा आहे, म्हणून मला हे वाटतंय.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. आपल्याकडे बहुतेक सेंटर्स कंबरेच्या एमआरआयबरोबर होल स्पाइन स्क्रीनिंग करतात, म्हणजे मानेपासून खालपर्यंतची एक उभी प्रतिमा. त्यात मानेचा दुसरा मणका, सी 2, त्याच्या वर उठलेल्या दातासारख्या हाडामुळे लगेच ओळखू येतो. त्याला दुसरा धरून एकेक करत चोविसाव्या मणक्यापर्यंत मोजायचं. सोबत कंबरेचा साधा उभा एक्स-रे हवा, ज्यात शेवटच्या बरगड्या आणि खुब्याची हाडं दोन्ही दिसतील. कुणाला बरगड्यांच्या 11 जोड्या असतात, कुणाला 13, म्हणून नुसत्या एमआरआयवर विसंबू नये. ऑपरेशन ठरत असेल तर ही मोजणी सर्जनच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी, कारण ओटीत ते सी-आर्मवर एक्स-रेसारखीच प्रतिमा बघून लेव्हल ठरवतात. रिपोर्टातला आकडा आणि सी-आर्मवरचा आकडा जुळला नाही तर चुकीच्या लेव्हलला हात लागण्याचा धोका असतो. मणका जुळलेला दिसला की 'मी या पद्धतीने मोजलंय, ऑपरेशनआधी एक्स-रेशी पडताळा' असं वाक्य रिपोर्टात असलंच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. पुष्कळ रिपोर्टांत ते नसतं, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. एका वाक्याचं काम आहे.

आता उरलेला फरक. वरच्या गाद्यांचे बल्ज, टिअर, हेमँजिओमा एकाला दिसले आणि दुसऱ्याला नाहीत, इथे मोजणीचा काही संबंध नाही. इथे रेडिओलॉजिस्टांमध्ये खरोखरच मतभेद होतात, आणि लोकांना वाटतात त्यापेक्षा जास्त होतात. 2017 मध्ये 'द स्पाइन जर्नल'मध्ये एक अभ्यास आला. न्यूयॉर्क परिसरातली 63 वर्षांची एक बाई, कंबर दुखते, उजव्या पायात एल 5 च्या वाटेने कळ. तिचे तीन आठवड्यांत 10 वेगवेगळ्या सेंटर्सवर एमआरआय काढले. दहा रिपोर्टांत मिळून 49 वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या निघाल्या. दहाही रिपोर्टांत आलेली एकही नव्हती. नऊ रिपोर्टांत आलेली फक्त एक. आणि जवळजवळ एक तृतीयांश गोष्टी अशा, की एकाच रिपोर्टात आल्या, बाकी नऊ जणांनी त्यांचा उल्लेखच केला नाही.

हा अभ्यास सांगून लोकांना घाबरवणं सोपं आहे, म्हणून त्याची मर्यादाही सांगते. पेशंट एकच होती आणि मशीन दहा होती. त्यामुळे डोळ्यांतला फरक, मशीनमधला फरक आणि लिहिण्याच्या सवयीतला फरक हे सगळं त्यात एकत्र आलंय. पण पेशंटच्या वाट्यालाही हे सगळं एकत्रच येतं. इंदुरात गीता भवनपासून पलासियापर्यंत चालत फिरलात तरी रांगेने सेंटर्स लागतील, आणि खरगोन-बडवानीहून आलेला माणूस डॉक्टरांनी चिठ्ठी दिली त्या किंवा गाडी थांबली त्या सेंटरवर जातो. आपला रिपोर्ट शेजारच्या सेंटरवर वेगळा आला असता, हे त्याला कुणी सांगत नाही.

त्या अभ्यासात एकमताचं माप 0.20 भरलं होतं. या मापाला कप्पा म्हणतात. योगायोगाने जितकं जुळलं असतं त्याच्या पलीकडे किती जुळलं, हे त्यातून कळतं. 1 म्हणजे पूर्ण एकमत, 0 म्हणजे योगायोगाइतकंच. हे माप का लागतं ते आकड्यांनी दाखवते. समजा दोघांनी 100 फिल्म वाचल्या. साठीच्या आसपास गाद्या सुकणं इतकं सर्रास असतं की दोघेही 90 फिल्मवर 'डिस्क डिजनरेशन' लिहितात. फिल्म न बघता नुसत्या या सवयीने लिहिलं असतं तरी 82 फिल्मवर दोघांचं जुळलं असतं. प्रत्यक्षात 86 वर जुळलं. ऐकायला 86 टक्के एकमत छान वाटतं, पण कप्पा निघतो जेमतेम 0.22. म्हणून कुणी 'आमचे रिपोर्ट 85-90 टक्के जुळतात' म्हणालं, तर काय जुळतं आणि कप्पा किती, हे विचारावं.

पण सगळ्याच बाबतीत एकमत इतकं कमी नसतं, आणि तुमच्या वडिलांसाठी हेच जास्त महत्त्वाचं आहे. अमेरिकेत पाठीच्या उपचारांच्या स्पोर्ट नावाच्या मोठ्या चाचणीतल्या पेशंटांच्या फिल्म काही जणांना वाचायला दिल्या होत्या, व्याख्या आधी ठरवून. 2008 मध्ये ते निकाल आले. मणक्यांमधली नसांची मधली नळी किती अरुंद झाली यावर कप्पा 0.73, म्हणजे चांगलं एकमत. नस बाहेर पडते त्या भोकावर, फोरामेनवर, 0.58. नस दबली की नाही यावर 0.51. आणि नळीच्या कोपऱ्यात, जिथे नस खाली जाताना वळते, तिथे 0.49. याचा अर्थ असा की मोठी गोष्ट बहुतेकांना सारखीच दिसते. नळी आवळलेली असेल, गादीचा तुकडा सुटून खाली आला असेल, तर सहसा वाद होत नाही. वाद होतो तो 'टेकलीय', 'ढकललीय' की 'दबलीय' यावर. ऑपरेशन करायचं की नाही हा निर्णय मात्र नेमका या तीन शब्दांवर अडतो.

बल्ज आणि प्रोट्रूजन यांचंही तसंच. गादी मणक्याच्या कडेबाहेर आली आणि घेराच्या पावभागापेक्षा जास्त ठिकाणी आली तर बल्ज. पावभागापेक्षा कमी ठिकाणी आली तर हर्निएशन. हर्निएशनचा पाया रुंद असेल तर प्रोट्रूजन, मान बारीक आणि डोकं मोठं असेल तर एक्स्ट्रूजन. 2014 साली अमेरिकेतल्या स्पाइन आणि न्यूरोरेडिओलॉजीच्या संस्थांनी मिळून या व्याख्या सुधारल्या. त्याआधीच्या, 2001 च्या आवृत्तीत 'ब्रॉड-बेस्ड प्रोट्रूजन' म्हणून पावभाग ते अर्ध्या घेरापर्यंतचा एक वेगळा गट होता. नव्या व्याख्येत तो गट नाही. आज इंदुरात बसलेल्यांपैकी कुणी जुन्या व्याख्येत शिकलंय, कुणी नव्या. तीच गादी एकाची ब्रॉड-बेस्ड प्रोट्रूजन, दुसऱ्याची डिफ्यूज बल्ज. दोघांनाही गादी बरोबर दिसलेली असते. घरी मात्र व्हॉट्सॲपवर रिपोर्ट फिरतो तेव्हा 'एकाने गादी सरकली म्हटलं, दुसऱ्याने नाही' असा अर्थ निघतो.

टेम्प्लेटचा त्रास याहून मोठा आहे. हे वाक्य तुमच्या दोनपैकी एका रिपोर्टात नक्की असेल: 'डिफ्यूज डिस्क बल्ज इंडेंटिंग द थीकल सॅक अँड कॉम्प्रेसिंग बायलॅटरल ट्रॅव्हर्सिंग नर्व्ह रूट्स.' म्हणजे गादी सगळीकडून फुगून नसांच्या पिशवीत रुतलीय आणि खाली जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या नसा दाबतेय. हे कॉम्प्युटरमध्ये साठवलेलं असतं, लेव्हल बदलली की पुन्हा डकवलं जातं. मी जे वाचते त्या रिपोर्टांत तीन-तीन लेव्हलना हेच वाक्य दिसतं आणि फिल्म उघडली की दोन लेव्हलवर नसेच्या भोवती चरबी स्वच्छ पांढरी दिसते. टी 1 नावाच्या एमआरआय प्रतिमेत चरबी पांढरी आणि नस करडी असते. बाजूच्या उभ्या कापांत फोरामेनमध्ये करड्या ठिपक्याभोवती पांढरी कडा शाबूत असेल, तर तिथे नस दबलेली नाही. ही कडा एका बाजूने गेली, दोन बाजूंनी गेली, की पूर्ण गेली आणि नसेचा आकारही बदलला, अशा पायऱ्या लावून लिहिलं तर दोन माणसांचं उत्तर जवळ येतं. मधल्या नळीसाठीही अशीच पद्धत आहे, 2010 मध्ये शिझास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली: पाण्यात नसांचे धागे सुटे दिसतात का, धागे दाटलेत पण थोडं पाणी उरलंय, पाणी संपून सगळं एकजीव करडं झालंय, की मागची चरबीसुद्धा नाहीशी झालीय. 'मॉडरेट' आणि 'सिव्हिअर' या शब्दांपेक्षा हे वर्णन फार उपयोगी पडतं, कारण वाचणाऱ्या सर्जनला ते फिल्मवर पडताळून बघता येतं.

आणखी एक कारण आहे, त्याचं दुखणं मला रोज होतं. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'एलबीए', म्हणजे लो बॅक एक. बस्स. कोणता पाय, पायाची कोणती बाजू, किती दिवस, पंजा उचलतो का, मागे कधी ऑपरेशन झालं का, काही नाही. डाव्या पायात अंगठ्यापर्यंत कळ जाते हे कळलं तर मी एल 4-5 चा डावा कोपरा दोनदा बघते, प्रत्येक काप मागेपुढे करते. हे न कळता पाच गाद्यांचे दहा कोपरे सारख्या नजरेने बघितले तर कोपऱ्यातला लहान तुकडा निसटू शकतो, किंवा उलट, ज्याचा त्रासाशी संबंध नाही असा बल्ज रिपोर्टात ठळक होतो. म्हणून मी पेशंट मशीनवर जायच्या आधी त्याला विचारते: "काका, बोटाने दाखवा, कळ कुठून कुठवर जाते?" ढोबळ हिशेब असा. मांडीच्या पुढून गुडघ्यावर आणि नडगीच्या आतल्या बाजूला जाते ती एल 4. पोटरीच्या बाहेरून पंज्याच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे जाते ती एल 5. तिच्यात अंगठा वर उचलायची ताकद जाते. पोटरीच्या मागून टाचेकडे, करंगळीच्या बाजूला जाते ती एस 1. तिच्यात चवड्यावर उभं राहता येत नाही आणि टाचेमागचा झटका मंदावतो. आणि चालताना दोन्ही पाय भरून येतात, एखाद्या दुकानाच्या ओटल्यावर बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात, तर मधली नळी अरुंद असल्याची शक्यता.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे तपासणं दोन्ही रिपोर्टांपेक्षा वजनदार आहे. हे दोन मिनिटांत होतं. एकच लक्षात ठेवा: मणका जुळलेला असेल तर नसांचं वाटपही थोडं सरकलेलं असू शकतं, म्हणून तपासणी आणि मोजणी दोन्ही हव्यात, एकीवरून दुसरी गृहीत धरू नये.

मशीनबद्दल थोडक्यात. कमी टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) ओपन मशीनवर बारीक नसा धूसर दिसतात, काप जाड असतात, 1.5 टेस्ला कंबरेला पुरतं. आडवे काप प्रत्येक गादीच्या कलाप्रमाणे घेतले की सलग घेतले यानेही फरक पडतो, कारण नुसते गादीपुरते काप घेतले तर मणक्यामागे घसरलेला तुकडा दोन कापांच्या मधे राहू शकतो. तुमचे दोन्ही स्कॅन 1.5 टेस्लाचे असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

वरच्या गाद्यांचे बल्ज, टिअर, हेमँजिओमा यांचं काय करायचं? माझ्या मते काहीच नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या स्कॅनचा एकत्र आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 20 वर्षांच्या वयात 37 टक्के लोकांच्या गाद्या सुकलेल्या, 80 व्या वर्षी 96 टक्के. बल्ज 20 व्या वर्षी 30 टक्के, 80 व्या वर्षी 84 टक्के. म्हणजे 58 व्या वर्षी तीन गाद्यांना बल्ज असणं हे केस पांढरे होण्यासारखं आहे. पहिल्या रेडिओलॉजिस्टने हे कदाचित बघूनच सोडलं असेल, दुसऱ्याने बघून लिहिलं. मला पहिली पद्धत जास्त पटते, पण 'वयाप्रमाणे' असं एका ओळीत लिहून मोकळं व्हावं, म्हणजे घरच्यांना कळतं की हे दिसलं होतं. अमेरिकेत रिपोर्टाखाली अशी टक्केवारी छापून बघितली गेली, जवळजवळ अडीच लाख पेशंटांवर. 2020 मध्ये निकाल आला की त्याने पुढचे उपचार एकूणात कमी झाले नाहीत. छापलेली ओळ पुरत नाही, कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं.

एका बाबतीत मात्र मी कुणालाही सूट देत नाही. मणक्याच्या गादीलगतच्या कडा टी 1 वर काळ्या आणि स्टरवर (चरबीची चमक दाबून सूज दाखवणारी प्रतिमा) पांढऱ्या दिसल्या तर ती झीज असू शकते, ज्याला मोडिक टाइप 1 म्हणतात, आणि सुरुवातीचा टीबीही असू शकतो. आपल्या भागात टीबी आहे, हे विसरून चालत नाही. गादीत पाण्याची चमक आहे का, बाजूला पू साचलाय का, ताप येतो का, वजन उतरलंय का, हे विचारल्याशिवाय 'मोडिक' लिहून पुढे जाऊ नये. खात्री नसेल तर रिपोर्टात तसं लिहावं, रक्त तपासावं, गरज पडली तर कॉन्ट्रास्ट द्यावं. दोन रेडिओलॉजिस्टांचं एकमत बल्जवर नाही झालं तरी चालेल. यावर झालंच पाहिजे.

आता तुम्ही काय करायचं ते. दोन्ही स्कॅनच्या सीडी घ्या, छापलेल्या फिल्म पुरत नाहीत. त्यात निवडक कापच असतात. दोन्ही सीडी एकाच रेडिओलॉजिस्टकडे द्या आणि शेजारी-शेजारी उघडून वाचायला सांगा. ओळख नसेल तर स्पाइन सर्जनना सांगा, ते कुणाकडून तरी वाचून घेतील. सोबत कंबरेचा उभा एक्स-रे. आणि एक कागद, ज्यावर साध्या मराठीत किंवा हिंदीत लिहिलेलं असेल: कळ डाव्या पायात, इथून इथपर्यंत, अमुक दिवसांपासून, वाढतेय की कमी होतेय, अंगठा उचलतो की नाही. त्यांना तीनच प्रश्न विचारा. दोन्ही रिपोर्ट एकाच गादीबद्दल आहेत का? दाबलेली नस आणि वडिलांची कळ जुळते का? तीन आठवड्यांत तुकडा लहान झाला का?

तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. सरकलेली गादी बऱ्याचदा आपोआप आकसते, आणि गंमत म्हणजे तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितकी आकसण्याची शक्यता जास्त. 2015 च्या एका आढाव्यात सुटे तुकडे 96 टक्के, एक्स्ट्रूजन 70 टक्के, प्रोट्रूजन 41 टक्के पेशंटांत लहान झालेले आढळले. वडिलांची कळ कमी होत चालली असेल, पंज्याची ताकद शाबूत असेल, तर आणखी काही आठवडे औषध आणि फिजिओथेरपीवर थांबण्याबद्दल सर्जनशी मोकळेपणाने बोला. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. कळ असह्य असेल, झोप उडाली असेल आणि नस, बाजू, लेव्हल तिन्ही जुळत असतील, तर ऑपरेशनला घाबरू नका. अशा पेशंटांना त्याने लवकर आराम पडतो.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीचा भाग बधिर झाला, पंजा खाली लोंबायला लागला किंवा दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर मात्र यातलं काहीही करत बसू नका. रात्र असो की रविवार, एमवाय या इंदूरच्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत किंवा जवळच्या न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलात त्याच तासाला न्या, आणि दोन्ही सीडी बरोबर असू द्या.